मिगचं नाक का फाटतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात माझ्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या पुढच्या भागाचा फोटो छापला होता, नुसत्या पत्र्याचा, रंग न दिलेला, आणि त्याच्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मिग-२१ एफएल बनवतोय, १:१० स्केलला, किट वगैरे काही नाही, सगळं पत्रा, पितळ आणि लाकडातून हाताने. एफएल हा मिग-२१ चा एक जुना प्रकार, त्याला ओझरच्या एचएएलमध्ये (नाशिकजवळचा सरकारी विमान कारखाना) टाइप ७७ म्हणायचे. माझी अख्खी नोकरी टूलरूममध्ये फिटर म्हणून गेली (विमानाच्या कारखान्यात नाही, साध्या कारखान्यात), त्यामुळे कानस आणि हातोडी हातात बसलेली आहे, पण विमानाचा पत्रा मी साठीनंतरच शिकलो, आणि अजून शिकतोय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं त्यानंतर ज्या लोकांनी कधी मॉडेलला हात लावला नव्हता त्यांचीसुद्धा पत्रं यायला लागली, याचा मला फार आनंद आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : काका, मी पुण्यात आयटीत आहे, वन बीएचकेमध्ये राहतो, बाल्कनी एवढीच जागा. मला ॲल्युमिनियमचं मोठं मिग करायचंय. १:८ करू का १:५? आणि सुरुवात कुठून करू?

आधी दरवाजा मोजा. खरंच सांगतो, टेप घ्या आणि बाल्कनीचा दरवाजा मोजा, जिन्याचं वळण मोजा, लिफ्ट मोजा. मिग-२१ च्या पंखांचा पसारा आहे ७.१५४ मीटर आणि नाकावरची पुढची नळी (हवेचा वेग मोजायची) सोडून लांबी १४ मीटरच्या वर, म्हणजे १:५ ला ते विमान जवळजवळ तीन मीटर लांब होतं, ते तुम्ही ठेवणार कुठे? १:८ ला पावणेदोन मीटरच्या वर जातं. १:१० ला पंख ७१ सेंटीमीटर आणि लांबी दीड मीटरच्या आत, ते कपाटावर मावतं आणि रिक्षात आडवं धरून नेता येतं. शिवाय १:१० चा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे हिशोब, खऱ्या विमानावर २५ मिलिमीटर असेल तर तुमच्याकडे अडीच, डोकं लावावं लागत नाही, आणि चार वर्षं जे काम चालणार आहे त्यात डोकं कमी लावावं लागणं ही लहान गोष्ट नाही.

इंग्लंडच्या डेव्हिड ग्लेन यांनी १:५ चं स्पिटफायर केलंय, लंडनला हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये ठेवलेलं आहे, त्याला त्यांची दहा वर्षांच्या वर गेली. ते बघून सगळ्यांना १:५ करावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण पहिलं काम १:५ ला घेऊ नका.

ड्रॉइंगबद्दल. नेटवर मिगची थ्री-व्ह्यू ड्रॉइंग भरपूर मिळतात, पण एकावर विश्वास ठेवू नका, निदान तीन घ्या आणि पंखांचा पसारा ७१५.४ मिलिमीटर येतोय का ते प्रिंट काढल्यावर स्टीलच्या पट्टीने बघा, कारण झेरॉक्सवाल्याचं मशीन कागद एका दिशेला थोडा ताणतं आणि दीड मीटरला तो फरक तीन-चार मिलिमीटरचा होतो. पंखाच्या पुढच्या कडेचा कोन ५७ अंश, तोसुद्धा तपासा. आणि कुठलं मिग ते आधी ठरवा. एफएलची पाठ सडपातळ आहे, बिसची (हा नंतरचा प्रकार) पाठ जाड फुगीर, एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, पुढच्या बाजूला उघडते आणि बिसची उजवीकडे. दोन्हीचे फोटो मिसळून काम केलंत तर तिसरंच विमान तयार होईल, आणि ज्याने ओझरला काम केलंय तो माणूस लांबूनच ओळखेल.

सुरुवात पोटाखालच्या ड्रॉप टँकने (इंधनाची जादा टाकी) करा, अख्ख्या विमानाने नको. छोटा तुकडा आहे, दोन्ही टोकं निमुळती आहेत, पत्र्याला जे जे करावं लागतं ते सगळं त्यात एकदा करून होतं. तो चांगला झाला तर विमानाला लागतोच, नाही झाला तर दुसरा करा.

प्रश्न : पत्रा कुठला घ्यायचा? हार्डवेअरवाला २४ गेज देतो, ते चालेल का? (नाशिक, सांगली, ठाणे, सगळीकडून हाच प्रश्न)

२४ गेज म्हणजे साधारण ०.५६ मिलिमीटर. आता बघा, खऱ्या विमानाचा वरचा पत्रा दीड-दोन मिलिमीटरचा धरला तर १:१० ला तो ०.१५ ते ०.२ झाला. ०.५६ चा पत्रा म्हणजे खऱ्यावर साडेपाच मिलिमीटरचा, रणगाडाच म्हणायचा. पॅनेलच्या कडा जाड दिसतात, दरवाजे उघडे ठेवले की कड लगेच डोळ्यात येते, आणि बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खेळणं वाटतं एवढं नक्की. म्हणून जिथे ठोकून आकार काढायचा आहे तिथे (नाक, टँकची टोकं, कॅनॉपीमागचा उंचवटा) २४ किंवा २६ गेज वापरा, कारण ठोकताना पत्रा पातळ होतो आणि थोडा कानशीला पण लागतो. आणि जिथे नुसता गुंडाळायचा आहे, म्हणजे बॉडीचा मधला भाग, पंख, शेपूट, तिथे ऑफसेट प्रिंटिंगची प्लेट.

ही प्लेट म्हणजे या कामातला सगळ्यात मोठा खजिना आहे. जवळपास शुद्ध ॲल्युमिनियम, ०.१५ ते ०.३ मिलिमीटर, एकदम सपाट, आणि छापखान्यात वापरून झाली की भंगारात जाते. पुण्यात पेठांमधल्या कुठल्याही प्रेसमध्ये जाऊन नीट विचारलंत तर किलोच्या भावाने देतात, मला एका प्रेसवाल्यांनी चहा पाजून वर दहा प्लेटा फुकट दिल्या. शाई थिनरने पुसून काढा. कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला काही लोक देतात, घरात ते करू नका, ॲल्युमिनियमवर कॉस्टिक पडलं की हायड्रोजन सुटतो आणि डोळ्यात उडालं तर विषय संपला. तसंही प्लेटची छापायची बाजू खरखरीत केलेली असते, आपल्याला बाहेर हवी असते ती मागची गुळगुळीत बाजू, मग पुढच्या बाजूला थोडी शाई राहिली तर राहू दे, ती आतच जाणार.

मोठा पत्रा पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतो. दुकानदाराला "नरम" पाहिजे म्हणून सांगा. तो देईल ते अर्धं कडकच असेल, पण ते आपण घरी नरम करू शकतो, खाली सांगतोय.

वजनाची काळजी एकाने विचारली आहे. ०.३ मिलिमीटरचा एक चौरस मीटर ॲल्युमिनियम पत्रा ८१० ग्रॅम भरतो आणि या मॉडेलला एवढाच साधारण लागतो. पितळ मात्र ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे पायांमध्ये आणि चाकांमध्ये वजन वाढतं, ते चांगलंच आहे, विमान जमिनीवर बसल्यासारखं बसतं.

प्रश्न : सर, मी कोल्हापूरचा, आमचं छोटं वर्कशॉप आहे, लेथ आहे. तरी मिगच्या तोंडाची (नाकावरच्या हवा आत घेणाऱ्या गोल भोकाची) रिंग पाच वेळा केली आणि पाचही वेळा आतल्या कडेला फाटली. ०.५ चा पत्रा, मध्ये ६० चं भोक, फर्म्यावर (लाकडी साच्यावर) ठोकून कडा आत वळवतो. काय चुकतंय?

तुमचं पत्र वाचून मला माझीच आठवण झाली, माझ्या चार फाटल्या होत्या आणि चौथी फाटली तेव्हा मी महिनाभर त्या टेबलाकडे गेलो नव्हतो. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

एफएलच्या तोंडाचा व्यास साधारण ८७० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ८७. आता चपट्या चकतीतून रिंग करताना दोन कडा वळतात. बाहेरची कड मागे वळते तेव्हा तिचा घेर कमी होतो, पत्र्याला आवळावं लागतं, म्हणून तिथे सुरकुत्या पडतात. आतली कड वळते तेव्हा तिचा घेर वाढतो, पत्रा ताणला जातो, म्हणून तिथे फाटतं. तुम्ही भोक ठेवलंय ६० चं आणि वळून झाल्यावर ती कड जाऊन बसणार ८६ वर. ६० चं ८६ म्हणजे त्या कडेला तुम्ही ४३ टक्के ताणताय! बाजारातला कुठलाही पत्रा एवढं एका दमात देत नाही, तो फाटणारच, हात तुमचा कितीही चांगला असला तरी. भोक ७४ चं करा. मग ताण येतो १६ टक्के, आणि आत वळलेली पट्टी ६ मिलिमीटरची मिळते. तेवढी पुरते, कारण त्याच्या मागे आतली नळी वेगळ्या प्लेटची गुंडाळून चिकटवायची आहे, तिचा सांधा इतका आत जातो की तोंडाच्या मधला शंकूसारखा कोन बसल्यावर कुणाला दिसत नाही. पाच वेळा फाटलं ते बहुतेक या एका आकड्यामुळे.

दुसरं, भोकाची कड. कात्रीने कापलं की कडेवर बारीक दाते राहतात, डोळ्याला दिसत नाहीत पण नखाला लागतात, आणि प्रत्येक दात म्हणजे फाटायची सुरुवात. तुमच्याकडे लेथ आहे, मग दोन लाकडी चकत्यांमध्ये पत्रा दाबून भोक लेथवरच कापा, नंतर कड बारीक कानशीने, मग ४०० चा, मग ८०० चा पाण्याचा पेपर, आरशासारखी करा. वेळ जातो, जाऊ दे.

तिसरं, तापवून नरम करणं. ॲल्युमिनियम लाल होत नाही, हे डोक्यात पक्कं बसवा, लोखंडासारखं लाल होईल म्हणून वाट बघत बसलात तर ६६० अंशांना ते सरळ वितळून खाली पडेल, आणि त्याच्या सेकंदभर आधीपर्यंत ते तुम्हाला थंडच वाटत असतं. कपडे धुवायचा साबण पत्र्यावर कोरडाच घासा, खालून मऊ पिवळसर ज्योत फिरवत राहा, साबण आधी पिवळा होईल मग तपकिरी, काळपट झाला की ज्योत काढा. झालं. पाण्यात टाका किंवा तसाच गार होऊ द्या, शुद्ध ॲल्युमिनियमला फरक पडत नाही. ऑफसेट प्लेटला मात्र ज्योत लांबून द्या, ती दोन सेकंदात भोक पाडते.

आणि हे एकदाच करायचं नसतं. मी ती रिंग करताना चार वेळा तापवली. कधी तापवायचं ते कळतं कानाने. नरम पत्र्यावर मोगरी मारली की आवाज येतो "थप", जड, मेलेला. ठोकत गेलात की तो पत्रा कडक होत जातो आणि आवाज वर चढतो, "टप", "टक", आणि जेव्हा "टण" यायला लागतो तेव्हा थांबा, एकही घाव जास्त नको, परत साबण आणि ज्योत. ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही, ती मी कसबा पेठेत तांबट आळीत शिकलो. चौथी रिंग फाटल्यावर ती खिशात घालून गेलो होतो. तिथे एक कारागीर तांब्याच्या घंगाळ्यावर माठारकाम करत होते, ते ठोक्यांचं नक्षीसारखं काम असतं ना ते, त्याने नुसती शोभा येत नाही, भांडं कडक होतं. त्यांनी माझी रिंग हातात घेतली, फाटलेल्या जागी नखाने टिचकी मारली, आणि म्हणाले, "अहो हा कधीचा ओरडतोय, तुम्ही ऐकलं नाही." मग मला अर्धा तास बाजूला बसवून ठेवलं, नुसतं ऐकायला. तांबं आणि ॲल्युमिनियम वेगळं, तापमान वेगळं, पण तो चढत जाणारा आवाज दोन्हीकडे तोच.

फर्मा सागवानी किंवा शिसमचा करा, एमडीएफची धार दोन रिंगांत बसते. आणि मिगचं ओठ धारदार आहे, साध्या प्रवासी विमानाच्या इंजिनासारखं जाड गोल नाही, कारण ते आवाजाच्या वेगाच्या वर जायला केलंय. तेव्हा फर्म्याची कड जेमतेम अर्धा मिलिमीटर गोल ठेवा. एका जागी ठोकू नका, गोल फिरत जा, एका फेरीत चार-पाच अंशच वळवा.

जाता जाता, तुम्ही मधला कोन ॲल्युमिनियमच्या बारमधून टर्न करून पॉलिश केलाय असं लिहिलंय. एफएलमध्ये त्या कोनाच्या आत रडार बसतं, त्यामुळे खऱ्या विमानावर तो कोन धातूचा नाही, धातूतून रडारचे तरंग पलीकडे जातील कसे? तो रंगवलेला असतो, चकचकीत नाही. टर्निंग छान झालं असणार यात शंका नाही, तोच बार ठेवा, फक्त वर प्राइमर आणि मॅट रंग द्या, शेड तुम्ही ज्या विमानाचा फोटो धरलाय त्याच्यावरून घ्या.

प्रश्न : मी बारामतीला आयटीआयला आहे, फिटर ट्रेड, दुसरं वर्ष. ॲल्युमिनियमला डाग (सोल्डर) का लागत नाही? आमच्या वर्गात सगळ्यांनी ट्राय केलं.

ताई, तू फिटर ट्रेडला आहेस हे वाचून बरं वाटलं. कारण असं की ॲल्युमिनियमवर हवेतल्या हवेत ऑक्साइडचा पातळ थर येतो, तू घासून काढलास तरी क्षणात परत येतो, आणि तो थर वितळतो २००० अंशांच्या वर. कथील बिचारं वरच्यावर गोळी होऊन पळतं. त्यासाठी वेगळा फ्लक्स (डाग देताना तो थर काढणारं रसायन) येतो, पण मॉडेलमध्ये मी त्या नादाला लागत नाही. पत्रा पत्र्याला किंवा लाकडाला जोडायचा तर २२० च्या पेपरने घास, थिनरने पूस, मग बोट लावू नकोस आणि लगेच अरल्डाइट लाव, "लगेच" महत्त्वाचं, जेवून येऊन नाही.

जिथे ताकद पाहिजे तिथे पितळ. मिगचे पाय बघ, किती अवघड आहेत. पुढचा पाय पुढे मिटतो, मागचे दोन आतल्या बाजूला मिटतात, पाय पंखात जातो आणि चाक मात्र वळून बॉडीत उभं राहतं, कारण तो पंख इतका पातळ आहे की त्यात चाक मावतच नाही. हे सगळं पितळी नळ्यांतून होतं, एकात एक सरकणाऱ्या नळ्या घे. आतला चकचकीत दांडा मी भंगारातल्या प्रिंटरमधून काढला, त्यात कार्ट्रिज ज्याच्यावर सरकतं तो रॉड, इतका सुंदर पॉलिश आपल्याला घरी जमत नाही.

क्रम लक्षात ठेव, आधी चांदीचा डाग, मग कथलाचा. चांदीच्या डागाला जास्त उष्णता लागते, उलट केलंस तर आधी लावलेलं कथील वाहून जाईल. फ्लक्स म्हणून टाकणखार, सोनाराकडे मिळतो तोच, पाण्यात कालवून लेप लाव. पितळ नुसतं मंद लाल होईपर्यंत, अंधाऱ्या कोपऱ्यात कर म्हणजे रंग दिसतो. चांदीच्या डागाची काडी घेताना कॅडमियम नसलेली माग आणि खिडकी उघडी ठेव. नंतर काळं पडलेलं कोमट पाण्यात लिंबूफूल घालून त्यात अर्धा तास ठेव, चिंचेने भांडी निघतात तसंच निघतं.

प्रश्न : रिव्हेट कसे दाखवायचे? मी सुईने एकेक टोचतोय, एका पंखाला दोन महिने गेले. (ठाणे)

दादा, सुई ठेवून द्या. शिंप्याकडे कापडावर खुणा करायचं दातेरी चाक असतं, ट्रेसिंग व्हील, तुळशीबागेत किंवा दादरला शिलाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं. स्टीलच्या पट्टीला धरून एकदा फिरवायचं. खऱ्या विमानावर रिव्हेटमधलं अंतर २०-२५ मिलिमीटरच्या आसपास, आपल्याला दोन-अडीच हवं, तेव्हा दुकानात दाते मोजून घ्या, पाचशे रुपयांचं इंपोर्टेड मागवायची गरज नाही.

पण एक बघा, चाक बाहेरच्या बाजूने फिरवा आणि अगदी हलकं. आतून फिरवलं की रिव्हेट फोडासारखे वर येतात. मिगसारख्या वेगवान विमानाचे बाहेरचे रिव्हेट पत्र्याबरोबर सपाट बसवलेले असतात, हात फिरवला तर जेमतेम लागतात. फिरवून झालं की १००० च्या पेपरने एकदा पुसून घ्या, मग ते नुसते प्रकाशात दिसतात, तिरकं बघितलं तर दिसतात आणि समोरून नाही, अगदी तसंच हवं.

प्रश्न : हे उडेल का हो?

नाही. ०.२३ चौरस मीटर पंख आणि पाच-सहा किलो वजन, शिवाय सगळं हाताने ठोकलेलं. उडवायची जेट मॉडेलं करणारे लोक फायबर ग्लास आणि प्लाय वापरतात, तो वेगळा आणि चांगला छंद आहे, पण हे विमान बघण्यासाठी आहे.

प्रश्न : रत्नागिरीला समुद्राजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी केलेल्या पत्र्याच्या पंखावर पितळी बिजागरीभोवती पांढरी पावडर येते. पुसली की परत.

पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकाला चिकटून आणि मध्ये खारी दमट हवा, झाली बॅटरी तयार. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, पितळाला काही होत नाही. बिजागरी काढा, पावडर खरवडून साफ करा, दोन्हीच्या मध्ये वॉर्निशचे दोन हात नाहीतर पातळ प्लॅस्टिकची पट्टी द्या, आणि स्क्रू ॲल्युमिनियमला थेट टेकणार नाही असा वॉशर घाला. पावसाळ्यात काचेच्या पेटीत सिलिका जेल ठेवा. आणि घामाच्या बोटांनी उचलू नका, उघड्या पत्र्यावर बोटांचे ठसे सहा महिन्यांनी उमटतात, तेव्हा ते कशानेच जात नाहीत. सुती हातमोजे घाला.

प्रश्न : माझे वडील ओझरला एचएएलमध्ये पत्र्याच्या कामाला होते, सत्तरच्या दशकात लागले. आता ८० च्या पुढे आहेत, हात थरथरतात. टीव्हीवर चंदीगडचा निरोप बघून दिवसभर बोलले नाहीत. मी आणि माझा मुलगा त्यांच्यासाठी मिग करतोय, तुमचंच बघून, १:१०. रंग कुठला द्यायचा आणि शेपटीवर नंबर कुठला घालायचा? (नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

रंग देऊ नका. एफएल सुरुवातीची कितीतरी वर्षं उघड्या पत्र्याचीच होती, चांदीसारखी, आणि तुम्ही पत्र्याचंच करताय तर त्याच्यावर करड्या रंगाचा थर कशाला. फक्त सगळे पॅनेल एकसारखे चमकवू नका. खऱ्या विमानावर प्रत्येक पॅनेलची चमक वेगळी, कारण पत्र्याची दिशा वेगळी, मिश्रधातू वेगळा. एका पॅनेलला १००० च्या पेपरने लांबीत घासा, शेजारच्याला आडवं, तिसऱ्याला नुसतं मेटल पॉलिश आणि जुनी सुती साडी. शेपटीकडचा मागचा भाग, जिथून आग बाहेर पडते, तो मात्र तापून पिवळट-निळसर झालेला असतो. तिथे पातळ पोलादी पत्रा वापरा आणि खरंच तापवा, आधी गवती पिवळा येईल, मग जांभळा, मग ३०० अंशांच्या आसपास निळा, आणि निळा दिसायला लागला की लगेच ज्योत काढा. रंगाने ते कधी जमत नाही.

वडिलांना विचारा ते कुठल्या टाइपवर होते. ओझरला आधी टाइप ७७ म्हणजे एफएल, मग एम, आणि नंतर टाइप ७५ म्हणजे बिस. ते सत्तरच्या दशकात लागले असतील तर एमवर असायची शक्यता मोठी आहे, आणि तसं असेल तर माझं बघून एफएल करू नका, एम करा, ड्रॉइंग बदला, अजून उशीर झालेला नाही. पाठीचा आकार वेगळा आहे, पुढच्या नळीची जागा वेगळी आहे, आणि त्यांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येईल, कदाचित ते बोलणार नाहीत पण येईल. नंबर त्यांना आठवत असेल तोच घाला. आठवत नसेल तर रिकामं ठेवा, इंटरनेटवरून कुठलाही उचलून घालू नका.

आणि हात थरथरतात म्हणून त्यांना लांब बसवू नका. हातोडी नाही धरता येणार, पण पत्र्याचं काम केलेल्या माणसाचं बोट आयुष्यभर विसरत नाही, मी बघितलंय हे. आमच्या टूलरूममध्ये जुने डेंटिंगचे लोक पत्र्यावर मऊ फडकं टाकून त्याच्यावरून तळवा फिरवायचे, कागदाच्या जाडीचा खड्डासुद्धा सांगायचे, आणि आम्ही पट्टी लावून बघितलं की तिथेच असायचा. तुमच्या मुलाने ठोकलेला पहिला तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवा, वर मलमलचं फडकं टाका, आणि डोळे मिटून हात फिरवायला सांगा. मुलाला शेजारी पेन्सिल घेऊन बसवा. ते जिथे जिथे थांबतील तिथे त्याने फडकं उचलून गोल करायचा, आणि पुढच्या रविवारी तेवढेच गोल ठोकायचे.